आरशात दिसणारा गळा कितपत खरा?

शीर्षक वाचून सायन्सच्या मित्रमैत्रिणींना वाटेल, की कलाशाखेच्या मुलीने आपली गुरे आमच्या शेतात कशाला घातली! त्यांची शंका रास्त आहे. परंतु हा विषय मला सापडला तो मानसशास्त्राच्या पुस्तकात. द्वितीय वर्षाला आम्हांला मापनाच्या विश्वसनीयतेवर एक प्रकरण आहे. एकाच गोष्टीचे पुन्हा पुन्हा मापन केले आणि उत्तर तेच आले, तर ते मापन विश्वसनीय. आणि जे मोजायचे तेच खरोखर मोजले गेले, तर ते यथार्थ. बाजारातला एखादा काटा रोज न चुकता पन्नास ग्रॅम कमी दाखवीत असेल, तर तो विश्वसनीय आहे, पण यथार्थ नाही. हे उदाहरण पुस्तकातले नव्हे, माझे आहे. आमच्या घरचा संसार काट्यावरच चालतो.

माझी आई भाजी विकते. आठवड्यातले चार बाजार ती करते आणि घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. गेल्या वर्षी दिवाळीनंतर आईचा आवाज बसला तो उठेना. भाजीवालीचा आवाज गेला, की निम्मी टोपली परत घरी येते. तालुक्याच्या एका डॉक्टरांनी तोंडात आरसा धरून पाहिले आणि सांगितले, "सूज आहे मावशी, पित्तामुळे." महिनाभर गोळ्या झाल्या. जिल्ह्याच्या गावी दुसऱ्या डॉक्टरांनी दुर्बीण घातली आणि गाठ आहे, कदाचित काढावी लागेल, असे सांगितले. एस.टी.त बसल्यावर आई म्हणाली, "एकाला सूज दिसती, एकाला गाठ दिसती. मग माझ्या गळ्यात हाय तरी काय?" डॉक्टर दोघेही शिकलेले, दोघांनीही नीट पाहिलेले. मग दोघांना दोन गोष्टी का दिसाव्यात? ह्या प्रश्नाच्या मागे लागून ग्रंथालयात आणि इंटरनेटवर जे वाचले, ते वाचकांपुढे ठेवीत आहे.

प्रथम जागा समजून घेऊ. गळ्याच्या पुढच्या बाजूला हाताला जो उंचवटा लागतो, त्याच्या आत दोन स्वररज्जू असतात. नाव रज्जू असले, तरी त्या दोऱ्या नव्हेत. मऊ त्वचेच्या दोन घड्या आहेत, आणि त्यांच्या आत स्नायू आहे. पुरुषात त्यांची लांबी साधारण दीड ते दोन सेंटिमीटर, स्त्रीमध्ये एक ते दीड. श्वास घेताना त्या दूर होतात, बोलताना जवळ येतात आणि फुप्फुसातून येणाऱ्या हवेने थरथरतात. बोलताना पुरुषाच्या स्वररज्जू सेकंदाला शंभर-सव्वाशे वेळा आणि स्त्रीच्या दोनशेच्या आसपास वेळा उघडझाप करतात. आपल्या डोळ्याला सेकंदाला पंधरा-वीस चित्रांपलीकडे वेगवेगळे काही दिसत नाही. म्हणजे नुसत्या उजेडात पाहणाऱ्याला आवाज निर्माण होण्याची मूळ क्रिया दिसतच नाही. दिसते ती धूसर कडा. पंखा फिरू लागल्यावर पाती दिसेनाशी होतात, तसेच ते.

ही जागा प्रथम नीट पाहणारा माणूस डॉक्टर नव्हता. तो गाण्याचा मास्तर होता. मॅन्युएल गार्सिया हे त्याचे नाव. घराणे स्पॅनिश, नोकरी लंडनच्या संगीत अकादमीत. गळ्यातून सूर निघतो तो कसा, हे पाहण्याचा त्याला ध्यासच लागला होता. १८५४ मध्ये पॅरिसमध्ये फिरत असताना तावदानावरून परावर्तित झालेले ऊन पाहून त्याला युक्ती सुचली. त्याने दाताच्या डॉक्टरांचा लांब दांड्याचा आरसा विकत घेतला, वाफ धरू नये म्हणून गरम पाण्यात बुडवून पुसला, पडजिभेला टेकवला आणि हातातल्या दुसऱ्या आरशाने त्यावर ऊन पाडले. स्वतःचेच स्वरयंत्र त्याला उघडे दिसले. १८५५ मध्ये त्याचा निबंध लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे वाचला गेला. पुढे व्हिएन्नाच्या लुडविग ट्युर्कने १८५७ च्या उन्हाळ्यात रुग्णांवर आरसे वापरून पाहिले आणि हिवाळ्यात ऊन नाही म्हणून ते बाजूला ठेवले. तेच आरसे योहान चेर्माकने मागून नेले आणि दिव्याच्या उजेडावर काम सुरू केले. मग पहिला मान कोणाचा ह्यावर दोघांचे जे भांडण जुंपले, ते वाचून आपल्याकडच्या बांधाच्या भांडणांची आठवण येते.

मला ह्यात एक गोष्ट विशेष वाटते. गार्सियाने पाहिला तो स्वतःचा गळा, चेर्माकनेही आरंभी स्वतःच्याच गळ्यावर प्रयोग केले. म्हणजे निरोगी स्वरयंत्र कसे दिसते, ह्याची जगातली पहिली कल्पना एकदोघांच्या गळ्यांवरून बनली. ‘निरोगी’ म्हणजे नेमके काय, हा प्रश्न तेव्हापासून ह्या तपासणीला चिकटलेला आहे आणि त्याकडे आपल्याला पुन्हा यायचे आहे.

आता तपासणीच्या भरवशावर एका राजघराण्याचे भवितव्य कसे टांगले गेले, ती हकिकत पाहू. जर्मनीचा युवराज फ्रेडरिक ह्याचा आवाज १८८७ च्या जानेवारीत बसला. बर्लिनचे प्राध्यापक गेरहार्ट ह्यांना आरशात डाव्या स्वररज्जूवर लहानशी वाढ दिसली. त्यांनी ती तापलेल्या तारेने दिवसामागून दिवस जाळली. ती पुन्हा उगवली. मे महिन्यात शल्यवैद्य बेर्गमन ह्यांनी पाहिले आणि बर्लिनच्या डॉक्टरांचे मत झाले, की हा कर्करोग आहे, गळा बाहेरून उघडून वाढ काढावी. शस्त्रक्रियेची तयारी झाली. तेवढ्यात लंडनहून मोरेल मॅकेंझी ह्याला बोलावण्यात आले. त्या काळी घशाच्या आजारांत त्याच्याएवढा नावाजलेला डॉक्टर दुसरा नव्हता. लंडनमध्ये केवळ घशाच्या रोगांसाठी रुग्णालय त्याने १८६३ मध्ये काढले होते आणि आरसा कसा वापरावा ह्यावर त्याचे पुस्तक होते. त्याने पाहिले आणि म्हटले, की नुसत्या दिसण्यावरून कर्करोग ठरविता येत नाही, तुकडा काढून तपासा. तुकडा काढला गेला. तो तपासला रुडॉल्फ फिर्खोने, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली रोग पाहण्याचे शास्त्र ज्याने उभे केले त्याने. कर्करोग आढळला नाही. पुन्हा तुकडे काढले, पुन्हा नाही. शस्त्रक्रिया रद्द झाली. जूनमध्ये युवराज लंडनला सासूबाईंच्या, म्हणजे व्हिक्टोरिया राणीच्या, सुवर्णमहोत्सवी मिरवणुकीत घोड्यावर बसून सामील झाला.

नोव्हेंबरमध्ये इटलीतील सान रेमो येथे नवी वाढ दिसली आणि तेव्हा मॅकेंझीनेही कर्करोग मान्य केला. ९ फेब्रुवारी १८८८ रोजी श्वासासाठी गळ्याला भोक पाडावे लागले. ९ मार्चला वडील वारले आणि फ्रेडरिक सम्राट झाला, तो बोलू न शकणारा सम्राट. चिठ्ठ्या लिहून तो कारभार पाही. नव्व्याण्णव दिवसांनी, १५ जूनला, त्याचे निधन झाले. शवपरीक्षेत कर्करोगच निघाला.

ह्यानंतर जर्मन डॉक्टर आणि मॅकेंझी ह्यांच्यात पुस्तके लिहून जे युद्ध झाले, त्यात कोणाची बाजू घ्यावी हे ठरविणे कठीण आहे. जर्मनांच्या डोळ्याला जे दिसले, ते खरे ठरले. पण मॅकेंझीचे म्हणणेही चूक नव्हते. पाहून कर्करोग सिद्ध होत नाही, तुकडा तपासलाच पाहिजे, हाच आजचाही नियम आहे. फसगत झाली ती दुसऱ्या टोकाला. तुकड्यात रोग नाही म्हणजे गळ्यात रोग नाही, असे धरले गेले. चिमट्याला जेवढे सापडले, तेवढ्याचाच निकाल फिर्खो देऊ शकत होता. गेरहार्टने तर असाही आरोप केला, की मॅकेंझीच्या चिमट्याने उजव्या, निरोगी बाजूलाच इजा केली. म्हणजे एकाच माणसाच्या एकाच गळ्यात कोणती बाजू आजारी, ह्यावरही एकमत राहिले नाही! पुढे १९०५ मध्ये गार्सिया शंभर वर्षांचा झाला, तेव्हा त्याला विज्ञानासाठीचे सुवर्णपदक पाठविणारा जर्मन सम्राट ह्याच फ्रेडरिकचा मुलगा होता.

साधनाने पाहणे कसे बदलते, तेही समजून घ्यायला हवे. आरशाने पाहताना जीभ कापडात धरून बाहेर ओढतात आणि ‘ई’ म्हणायला सांगतात. ‘ई’ म्हटल्याने घशातले झाकण पुढे सरते आणि आतले दिसते. तरीही स्वररज्जूंचा पुढचा भाग पुष्कळदा झाकणाखालीच राहतो. शिवाय जीभ ओढलेली असताना कोणी आपल्या नेहमीच्या आवाजात बोलत नाही. तोंडातून जाणारी ताठ दुर्बीण चित्र फार स्वच्छ देते, पण जिभेची अडचण तीच. १९६८ मध्ये जपानच्या सावाशिमा आणि हिरोसे ह्यांनी काचतंतूंची वाकणारी नळी वापरात आणली. ती नाकातून जाते, त्यामुळे माणूस बोलू शकतो, गाऊही शकतो. मात्र जुन्या नळ्यांतले चित्र जाळीतून पाहिल्यासारखे दिसे. आता टोकालाच बारीक कॅमेरा बसविलेला असतो. उजेड आणि कॅमेरा बदलला, की रंगही बदलतो. एकीत गुलाबी दिसणारा भाग दुसरीत लालसर दिसतो आणि लालसर दिसला की ‘सूज’ हा शब्द तोंडात येतोच.

थरथर पाहण्याची युक्ती मोठी मजेची आहे. सिनेमात टांग्याचे चाक उलटे फिरताना सर्वांनी पाहिले आहे. त्याच भासाचा उपयोग म्युनिकच्या ओर्टेलने १८७८ मध्ये स्वररज्जूंसाठी केला. आवाजाच्या कंपनापेक्षा किंचित मागे-पुढे राहील अशा गतीने उजेड लखलखवायचा. मग प्रत्येक लखलखाटात स्वररज्जू थोड्या पुढच्या अवस्थेत सापडतात आणि डोळ्याला वाटते, की त्या संथपणे लाटेसारख्या हलत आहेत. हे यंत्र आजही वापरतात, त्याला स्ट्रोबोस्कोप म्हणतात. पण हे विसरता कामा नये, की जी एक लाट दिसते, ती खरी एक लाट नाही. अनेक कंपनांतला एकेक तुकडा जोडून ती बनलेली असते. आवाज एकसारखा असेल, तर हे शिवण बेमालूम जमते. घोगरा आवाज मात्र मुळातच अनियमित असतो. अशा वेळी यंत्राला ताल सापडत नाही, चित्र नुसते थरथरते. म्हणजे ज्याचा आवाज चांगला त्याचे चित्र चांगले, आणि ज्याला तपासणीची गरज त्याचेच चित्र बिघडलेले! ह्यावर उपाय म्हणजे अतिशय वेगाने चित्रण करणे. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९४० च्या सुमारास सेकंदाला चार हजार चौकटी घेऊन स्वररज्जूंची फिल्म काढली गेली. ती सिनेमाच्या चोवीस चौकटींच्या वेगाने दाखविली, तर एका सेकंदाचा आवाज पाहायला पावणेतीन मिनिटे लागतील. आज असे चित्रण संगणकावर होते, तरी रोजच्या दवाखान्यात ते क्वचितच असते.

समजा साधन उत्तम आहे. तरी पाहणारा माणूसच. इथे आमचे मानसशास्त्र कामाला येते. पित्त घशाशी येऊन होणाऱ्या त्रासासाठी २००१ मध्ये एक गुणपत्रिका तयार करण्यात आली. लाली, सूज अशी आठ लक्षणे दुर्बिणीत पाहायची, प्रत्येकाला गुण द्यायचे, एकूण गुण २६, आणि सातापेक्षा जास्त झाले, तर पित्ताचा संशय घ्यायचा. दिसायला हे फार शास्त्रीय वाटते. पण २००२ मध्ये पाच तज्ज्ञांना रुग्णांच्या त्याच त्या चित्रफिती दाखविल्या गेल्या, तेव्हा पित्ताच्या ह्या खुणांबाबत त्यांचे एकमेकांशी फारच कमी जुळले. त्याच वर्षी दुसऱ्या एका अभ्यासात घशाची काहीही तक्रार नसलेल्या १०५ निरोगी माणसांचे घसे पाहिले. त्यांतल्या शेकडा ऐंशीहून अधिक जणांत पित्ताची म्हणून समजली जाणारी एक तरी खूण होतीच! १९९७ च्या एका पाहणीत तर काहीही त्रास नसलेल्या ६५ व्यावसायिक गायकांपैकी निम्म्याहून अधिकांच्या स्वरयंत्रात काही ना काही वावगे आढळले. ते गात होते, मैफली करत होते, आणि दुर्बीण त्यांना आजारी म्हणत होती. गार्सियाच्या एका गळ्यावरून सुरू झालेली ‘निरोगी’ची कल्पना किती अपुरी होती, हे इथे दिसते.

कोणी म्हणेल, दोन डॉक्टरांचे शंभरांपैकी पंच्याऐंशी वेळा जुळते, मग तक्रार कशाची? ह्याचे उत्तर जेकब कोहेन ह्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९६० मध्ये दिले आहे आणि ते आमच्या अभ्यासक्रमात आहे. समजा दोन्ही डॉक्टर शंभरांपैकी नव्वद जणांना ‘ठीक’ म्हणतात. आता दोघांनी घशाकडे न पाहता, चिठ्ठ्या टाकून जरी तसे म्हटले, तरी एक्क्याऐंशी वेळा दोघांचे ‘ठीक’ आणि एकदा दोघांचे ‘बिघाड’ असे ब्याऐंशी वेळा जुळेलच. म्हणजे पंच्याऐंशीत डोळ्याची खरी कमाई तिनाचीच. योगायोग सोडून उरलेल्या अठरांपैकी तीन, म्हणजे सुमारे ०.१७. ह्या आकड्याला कॅपा म्हणतात. पूर्ण एकमत असेल तर तो १ येतो, नुसता योगायोग असेल तर शून्य. वर्गात हे गणित शिकताना मला आईची एस.टी.तली ती गोष्ट आठवली. आमच्या बाकावरच्या बाकीच्या मुलींना मात्र ते फक्त चार गुणांचे वाटत होते.

अर्थात सर्वच पाहणे असे डळमळीत नाही, आणि तसा ग्रह करून घेणे घातक होईल. एखादी स्वररज्जू अजिबात हलत नसेल, तर ते सहसा कोणाच्याही नजरेतून सुटत नाही. मोठा मांसल कोंब दिसतो, घशात अडकलेली वस्तू दिसते. अडचण येते ती बारीक गोष्टींत. लाली किती, सूज किती, एक बाजू किंचित लुळी आहे का आणि असल्यास कोणती, पांढरा डाग साधा की घातक, ह्यांवर जाणकारांतही वाद होतात. एका बाजूची गाठ वरवरची आहे की त्वचेखालची पिशवी, हे कधी कधी भूल देऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावरच कळते.

आईच्या बाबतीत तिसऱ्या ठिकाणी स्ट्रोबोस्कोप होता आणि तपासणीची चित्रफीत निघाली. पडद्यावर ती आईलाही दाखविली. दोन्ही बाजूंना समोरासमोर बाजरीच्या दाण्याएवढ्या दोन गाठी होत्या, आणि त्यांच्या भोवती थोडी सूज. म्हणजे पहिल्या दोघांनाही काहीतरी खरेच दिसले होते. आरशाला सूज दिसली, दुर्बिणीला एका बाजूची गाठ. ओरडून ओरडून पडणाऱ्या अशा गाठींवर आधी शस्त्रक्रिया नव्हे, आवाजाची सवय बदलण्याचे शिक्षण देतात. आता आई हाळी कमी देते, पाण्याची बाटली जवळ ठेवते आणि भाव मी खडूने पाटीवर लिहून देते. गिऱ्हाईक पाटी वाचते आणि तरीही विचारतेच, "कशी दिली मेथी?"

संशोधक आता ह्या तपासणीची पारख कशी करतात, तेही सांगण्यासारखे आहे. चित्रफितींवरची नावे काढून टाकतात, क्रम पिसतात, काही फिती न सांगता दुसऱ्यांदा घालतात आणि तोच डॉक्टर तीच फीत पाहून दुसऱ्यांदा तेच म्हणतो का, हे पाहतात. आधी शिकवणी दिली आणि नमुन्याची चित्रे समोर ठेवली, तर मते अधिक जुळावीत अशी त्यामागची अपेक्षा असते.

आपल्यासारख्यांनी काय करावे? अमेरिकेतील घशाच्या तज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्ये सांगितले आहे, की बसलेला आवाज चार आठवड्यांत सुधारला नाही, तर स्वरयंत्र पाहूनच घ्यावे, आणि गंभीर कारणाचा संशय असेल, तर तेवढेही थांबू नये. आपल्याकडे तंबाखू आणि मिश्री घरोघर आहे, तेव्हा हे लक्षात ठेवलेले बरे. घसा न पाहता, नुसत्या लक्षणांवरून पित्ताच्या गोळ्या सुरू करू नयेत, असेही त्यांनी म्हटले आहे. तपासणीची चित्रफीत निघाली असेल, तर ती मागून घ्यावी, मोबाइलमध्ये सहज मावते. दुसऱ्या डॉक्टरांकडे गेल्यावर आपला सगळा त्रास, व्यसने, कामाचा प्रकार, काही न लपविता सांगावा. पहिल्या डॉक्टरांनी काय निदान केले, ते मात्र त्यांचे बघून झाल्यावर सांगावे.